विश्लेषण : शिवाजी पार्कला नाव मिळवून देणाऱ्या अवंतिकाबाई गोखले कोण? हातकामाच्या भावाशी त्यांचा काय संबंध?

दिवाळी जवळ आली की दादर-माहीम पट्ट्यात हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार फुलतो. माहीमच्या कंदील गल्लीत आकाशकंदील लटकू लागतात, शिवाजी पार्कच्या आसपासच्या सभागृहांत महिला उद्योजिकांची प्रदर्शने भरतात. क्रोशाची तोरणे, गोधड्या, रंगवलेल्या पणत्या, हातमागाच्या साड्या. टेबलापाशी उभे राहिले की एकच संवाद कानावर येतो : भाव जरा जास्त वाटतो, कमी नाही का होणार? ज्या मैदानाच्या आजूबाजूला हे चालते, त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळावे म्हणून महापालिकेत आग्रह धरणाऱ्या अवंतिकाबाई गोखले यांचे निम्मे आयुष्य याच प्रश्नाभोवती गेले. हाताच्या कामाला गिऱ्हाईक कोण आणि भाव किती?

माहीम पार्कचे शिवाजी पार्क कसे झाले?

दादरच्या पश्चिमेला समुद्राजवळचे हे मैदान महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १८९६ च्या प्लेगनंतर गिरगाव-भुलेश्वरच्या दाटीतून माणसे उत्तरेकडे हलवायची, हा शहराचा बेत होता आणि दादर-माटुंगा-माहीम हा नवा भाग त्यातूनच आकाराला येत होता.

१९२७ हे शिवजन्माचे त्रिशताब्दी वर्ष म्हणून साजरे झाले. आज शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारी १६३० या तारखेनुसार होते. पण त्या काळी १६२७ हे जन्मवर्ष अधिक रूढ होते, म्हणून तीनशे वर्षांचा हिशेब १९२७ ला आला. ती संधी साधून नगरसेविका अवंतिकाबाईंनी मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव द्यावे असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. अश्वारूढ पुतळा फार पुढे, १९६६ मध्ये, लोकवर्गणीतून उभा राहिला. २०२० मध्ये महापालिकेने मैदानाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असे केले.

एवढ्या एका ओळीपुरतेच बहुतेक मुंबईकरांना अवंतिकाबाई माहीत असतात. तेही सगळ्यांना नाही.

शाळेत न गेलेली मुलगी महापालिकेत कशी पोहोचली?

अवंतिकाबाईंचा जन्म १७ सप्टेंबर १८८२ चा, इंदूरचा. माहेरचे आडनाव जोशी. नवव्या वर्षी लग्न झाले. पती बबनराव गोखले पुढे इंजिनिअर झाले. अवंतिकाबाईंना लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर, घरातच. मराठी आधी, इंग्रजी मागाहून. पुढे मुंबईत त्यांनी शुश्रूषा आणि सुईणपणाचे शिक्षण घेतले.

हे शिक्षण कामाला आले परळकडे, गिरणी कामगारांच्या वस्त्यांत. तेव्हाच्या चाळीतली खोली म्हणजे दहा बाय दहाच्या आसपासची जागा, आत दोन-दोन बिऱ्हाडे, आणि बाळंतपण तिथेच. अशा घरांतल्या बायकांमध्ये अवंतिकाबाई काम करू लागल्या. पुढे ज्या खादीचा त्यांनी ध्यास घेतला, ती खादी याच गिरण्यांच्या कापडाशी स्पर्धा करणार होती. ही विसंगती त्यांच्या पिढीतल्या मुंबईकर कार्यकर्त्यांना कायम सोबतीला होती आणि ती पूर्णपणे कधीच सुटली नाही.

१९१७ मध्ये गांधीजींनी बिहारमधील चंपारणसाठी स्वयंसेवक मागितले तेव्हा गोखले दाम्पत्य तिकडे गेले. नोव्हेंबर १९१७ मध्ये बरहरवा लखनसेन या गावी पहिली शाळा निघाली, ती बबनराव आणि अवंतिकाबाईंच्या हाती होती. मराठी बाईने तिथल्या मुलांना शिकवायचे कसे, हा प्रश्न होताच. गांधीजींचे म्हणणे होते की व्याकरण आणि पाढे नंतर, आधी स्वच्छता आणि राहणीमान. अवंतिकाबाईंची शाळा नमुनेदार ठरली, अशी नोंद गांधीजींनी आत्मकथेत केली आहे. गावातल्या बायकांपर्यंत पोहोचता आले ते अशा स्त्री कार्यकर्त्यांमुळेच, हेही त्यांनी नमूद केले.

मुंबईत परतल्यावर त्यांनी १९१८ मध्ये दोन गोष्टी केल्या. गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिले. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या पुस्तकाला टिळकांची प्रस्तावना, हे त्या काळात लहान काम नव्हते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गिरगावात हिंद महिला समाज ही संस्था काढली.

दोन गरीब बहिणी आणि रुपयाला शेरभर सूत

या चरित्रातला सगळ्यात बोलका प्रसंग मात्र साधारण याच काळातला आहे आणि त्यात अवंतिकाबाईंची भूमिका विद्यार्थिनीची आहे.

गांधीजी मुंबईत आजारी होते. हातमागाचे कापड मिळत होते, पण त्याचे सूत गिरणीचे होते. पूर्ण हाताचे कापड हवे तर हाताने कातलेले सूत हवे, आणि कातणारे कुणी सापडत नव्हते. गुजरातेत गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातील विजापूर येथे अडगळीत पडलेले चरखे शोधून काढले, तिथे सूत निघू लागले. मुंबईत मात्र कुणीतरी दोन गरीब बहिणींना शोधून आणले. त्यांना कातता येत होते. त्यांनी भाव सांगितला : शेराला एक रुपया. हा शेर २८ तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मापात सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास.

सुरुवातीला तो भाव दिला गेला. मग विजापूरच्या भावाशी तुलना झाली, तेव्हा गांधीजींना आपण फसवले जात आहोत असे वाटले. भाव कमी करा म्हणून सांगितले, पण बहिणींनी नकार दिला आणि त्यांचे काम थांबले. मात्र तोवर त्यांनी चार जणींना कातायला शिकवले होते : अवंतिकाबाई, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकर यांच्या मातोश्री आणि वसुमतीबेन. त्यानंतर गांधीजींच्या खोलीत चरखा घुमू लागला.

खादीच्या इतिहासात हा प्रसंग चरख्याच्या पुनर्जन्माची गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्यातल्या भावाच्या वादाकडे फारसे कुणी थांबून पाहत नाही. म्हणून थोडा हिशेब.

सूत किती बारीक होते यावर सारे अवलंबून आहे. जाडसर, म्हणजे दहा नंबरचे धरू. दहा नंबरच्या एका पौंड सुताची लांबी ८,४०० वार भरते. बहिणींचा शेर साधारण पाऊण पौंडाचा, म्हणजे ६,३०० वार. चांगला हात असलेली बाई चरख्यावर तासाला ३०० ते ४०० वार कातते. म्हणजे एका रुपयासाठी सोळा ते एकवीस तासांचे काम झाले. आठ तासांचा दिवस धरला तर रोजचे सहा ते आठ आणे. सूत बारीक असेल तर तास वाढतात आणि रोज आणखी खाली येतो.

मुंबईत राहणाऱ्या, स्वतःचे घर चालवणाऱ्या बाईसाठी ही फसवणूक होती का? विजापूरला भाव कमी होता, कारण तिथे कातणे हे शेतीच्या जोडीचे, मोकळ्या वेळेचे काम होते. मुंबईत खोलीचे भाडे भरावे लागते. दोन ठिकाणचा एकच भाव लावणे योग्य नव्हते, असे आज तरी म्हणावे लागते. त्या बहिणींची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

गंमत पुढे आहे. १९३५ मध्ये गांधीजींनीच कातणाऱ्यांच्या मजुरीचा विषय लावून धरला. खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणारीला उपाशी ठेवणे बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका झाली. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांचे आठ आणे मिळावेत, ही त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो आकडा गाठता आला नाही, कारण मजुरी वाढवली की कापड महाग होते आणि महाग झाले की खप बसतो. पण आकडा पाहा. दीड दशकापूर्वी मुंबईतल्या दोन बहिणी सुमारे तेवढेच मागत होत्या.

हिंद महिला समाजाने नेमके काय केले?

हिंद महिला समाज ही गिरगावातल्या मध्यमवर्गीय बायकांची संस्था होती. वाचन, शिवण, कताई, स्वदेशी मालाचा प्रसार, आणि घराबाहेर पडून सभेत बोलण्याची सवय लावणे, असे तिचे काम होते. अवंतिकाबाई ३१ वर्षे तिच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे स्थापनेपासून अखेरपर्यंत.

ती काही मुंबईतली एकटी संस्था नव्हती. रमाबाई रानडे यांचे सेवासदन त्याआधी दशकभर उभे होते. तिथे गरजू, विधवा बायकांना शिवण-विणकाम आणि शुश्रूषा शिकवून पायावर उभे करण्याचा प्रयत्न होता. पुढे राष्ट्रीय स्त्री सभेने खादीवर भरतकाम करून घेऊन ती विकण्याचे काम हाती घेतले. गोशीबेन आणि पेरिन कॅप्टन या दादाभाई नौरोजींच्या नाती तिच्या मागे होत्या. काळबादेवीला खादी भांडार होते, त्याचा कारभार विठ्ठलदास जेराजाणी पाहत.

आज स्वयंसहायता गट, प्रदर्शन, ऑनलाइन विक्री आणि सरकारी शिक्का असे जे जाळे आपण पाहतो, त्याचे जवळजवळ सगळे धागे तेव्हाच्या मुंबईत दिसतात. शिकवणारी संस्था, कच्चा माल म्हणून पेळू पुरवणारी व्यवस्था, सूत घेऊन कापड करणारा विणकर, भांडार, खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार विकणाऱ्या बायका. आणि ठरावीक गिऱ्हाईक, जे वस्तूबरोबर एका विचारालाही पैसे मोजत होते. हा शेवटचा धागा सगळ्यात महत्त्वाचा होता आणि सगळ्यात नाजूकही. आंदोलन पेटले की खप वाढायचा, शांत झाले की भांडारात माल पडून राहायचा.

बनावट खादीचे काय?

खप वाढला की नक्कल येते, हे तेव्हाही होते. गिरण्यांनी जाडेभरडे कापड काढून ते खादीच्या नावावर विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला फरक कळेना. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने यावर प्रमाणपत्राचा उपाय काढला : संघाने मान्य केलेल्या भांडारातलीच खादी खरी. पुढे १९३४ मध्ये खादी आणि खद्दर या नावांच्या वापरावर बंधन घालणारा कायदाही झाला. आज हातमाग चिन्ह, खादी चिन्ह आणि पैठणीपासून कोल्हापुरी चपलेपर्यंतचे भौगोलिक मानांकन यांच्या मागे हाच प्रश्न आहे. हाताने केलेले आणि यंत्राने केलेले यांतला फरक दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला कसा कळावा?

फुकटचे सूत आणि पोटाचे सूत

अवंतिकाबाई स्वतः आयुष्यभर कातत राहिल्या. स्वतः कातलेल्या सुताचीच वस्त्रे वापरायची, हा त्यांचा नेम होता. दरवर्षी गांधीजींच्या वाढदिवसाला त्या आपल्या सुताचे धोतर त्यांना भेट देत. चार वारांच्या एका धोतराला, ढोबळ हिशेबाने, दहा हजार वारांहून जास्त सूत लागते. म्हणजे तीस-पस्तीस तासांची कताई, पुढे विणकराची मजुरी वेगळी.

अर्थात त्यांचे सूत विकायला नव्हते. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. खादीच्या चळवळीत दोन प्रकारची माणसे कातत होती. एक पोटासाठी, दुसरी व्रत म्हणून. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात, जिथे गांधीजी स्वतः अध्यक्ष होते, दरमहा २,००० वार सूत हे काँग्रेस सभासदाचे वर्गणीसारखे देणे ठरले. ते फार काळ टिकले नाही. वर्षभरातच सक्ती सैल झाली. पण त्यातून शहरातल्या सुशिक्षित घरांत चरखा पोहोचला आणि कातायला किती वेळ लागतो, हे ज्यांना कधीच कळले नसते त्यांना कळले. महिन्याला पाच-सात तास बसून बोटे दुखल्यावर खादीचा भाव जास्त का, हा प्रश्न विचारण्याची जीभ रेटत नसावी.

यात एक धोकाही आहे आणि तो आजही दिसतो. हौसेने करणारी आणि पोटासाठी करणारी एकाच टेबलाशेजारी बसली की हौसेचा भाव खाली असतो, कारण तिथे वेळेचा पैसा धरलेलाच नसतो. क्रोशाचे तोरण करायला लागलेले दहा-बारा तास किमतीत न धरता नुसते दोऱ्याचे पैसे आणि वर थोडे असे विकले, तर शेजारच्या बाईचा धंदा बसतो. अवंतिकाबाईंच्या बाबतीत हे झाले नाही, कारण त्यांचे सूत बाजारात आलेच नाही.

महापालिका, मीठ आणि तुरुंग

१९२३ मध्ये मुंबई महापालिकेत पहिल्यांदा स्त्रिया बसल्या. सरोजिनी नायडू त्यांत होत्या, तशा अवंतिकाबाईही. शिवाजी पार्कच्या नावाचा आग्रह याच कारकिर्दीतला.

एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह मुंबईत सुरू झाला, तेव्हा चौपाटीवर चूल पेटवून समुद्राचे पाणी उकळणाऱ्या पहिल्या तुकडीत दोन स्त्रिया होत्या : कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले. अवंतिकाबाई तेव्हा ४७ वर्षांच्या, कमलादेवी २७ च्या. मुंबईच्या रस्त्यांवर त्या वर्षी केशरी साड्या नेसलेल्या देशसेविका परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधनाला उभ्या राहत. डिसेंबरमध्ये काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू हा गिरणी कामगार मरण पावला. खादी आणि गिरणी यांच्यातली ती जुनी विसंगती त्या दिवशी तरी पुसली गेली होती. अवंतिकाबाईंनाही या लढ्यात तुरुंगवास घडला.

चुलीपाशी उभ्या असलेल्या त्या दोघींपैकी धाकटीने पुढे हस्तकलेसाठी देशभर काम केले. स्वातंत्र्यानंतर फाळणीच्या निर्वासितांसाठी सहकारी संस्था, १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे अध्यक्षपद, १९६४ मध्ये भारतीय हस्तकला परिषद. कारागिरांचे मेळावे, राज्याराज्यांतली एम्पोरियम, उत्तम कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार, या सगळ्यामागे कमलादेवींचे नाव येते. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही मुंबईतच. थोरलीचे नाव त्यामानाने विस्मरणात गेले, कारण तिचे काम गिरगावच्या एका संस्थेभोवती राहिले आणि स्वातंत्र्यानंतर दोन वर्षेही तिला मिळाली नाहीत.

आज या जाळ्याची स्थिती काय?

खादी आणि ग्रामोद्योग आयोग १९५७ पासून आहे, त्याचे मुख्यालय विलेपार्ल्याला. राज्याच्या उमेद अभियानाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरते. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांतले बचत गट मसाल्यापासून घोंगडीपर्यंत माल घेऊन येतात. खुद्द शिवाजी पार्क मैदानावर मात्र बाजार भरवणे सोपे नाही. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला आणि खेळाखेरीजच्या कार्यक्रमांवर मर्यादा आल्या. त्यामुळे प्रदर्शने आसपासच्या सभागृहांत भरतात. वनिता समाजाचे सभागृह त्यांतले जुने.

तिथे टेबल लावणाऱ्या बाईचा हिशेब असा असतो : टेबलाचे भाडे, टॅक्सी, पिशव्या, दोन दिवसांचे जेवण, मदतीला आणलेल्या मुलीचे पैसे. हे सगळे ती वहीत लिहिते. वस्तू करायला लागलेले तास बहुधा लिहीत नाही. शेराला एक रुपया सांगणाऱ्या त्या दोन बहिणींनी ते मोजले होते, आणि काम गेले तरी भाव सोडला नव्हता.

अवंतिकाबाई गोखले यांचे २६ मार्च १९४९ रोजी निधन झाले. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे.